उत्तम जनावर

एकोणीसशे सव्वीस उजाडलं, नवा कायदा लागू झाला
आणि डेव्हनमधल्या आमच्या कचेरीतल्या पत्र्याच्या पेट्या
एका रात्रीत निकामी झाल्या.
एक्झिटरहून ढोल मढवणारा येणार होता,
जुनी चर्मपत्रं वजनावर नेणार होता.
शाई खरवडली की कातडं छान ताणतं, म्हणाला.

पेथिक कारकून शिडीवर, मी खाली वही घेऊन.
तो नावं पुकारायचा, मी खूण करायचे.
पण जुना शब्द दिसला की त्याला राहवायचं नाही.
“एकर,” म्हणायचा, “हे काही माप नव्हे गं,
तो एक दिवस आहे,
दव असल्यापासून बैलांचे खांदे सुजेपर्यंतचा.
आणि फर्लांग म्हणजे एक तास.
घड्याळातला तास नव्हे, नांगराचं तास.
जिथे बैल धाप टाकून वळतात, तिथवरचं.”

चश्मा कपाळावर, धूळ मिशीत.
“पूर्वी जमीन कागदावर देत नसत.
विकणारा वाकायचा, ढेकूळ उचलायचा,
वर एक डहाळी खोवायचा
आणि घेणाऱ्याच्या ओंजळीत ठेवायचा.
साक्षीला गावातलं एखादं पोर. त्याच्या कानाखाली जाळ काढायचे,
म्हणजे साठ वर्षांनी ते सांगेल,
हो, आठवतंय. त्याच दिवशी मला मारलं होतं.”

एका करारात भाडं होतं वर्षाला एक मिरी,
तीही मागितली तर.
“मागितली कुणी?”
“माझ्या वेळेत तरी नाही.”
मॉर्गेज म्हणजे मेलेला वायदा.
फेडलंस तर सावकाराच्या लेखी मेला,
नाही फेडलंस तर जमीन तुझ्या लेखी मेली.
“कुणीतरी मरतंच,” म्हणाला, आणि हसला.

मग डनहेल जहागिरीचं बाड निघालं,
आणि तो गप्प झाला.
“हेरियट म्हणजे काय?” मी विचारलं.
त्याने खिडकीकडे बघत सांगितलं.
हेरियट म्हणजे लढाईचा सरंजाम.
धनी आपल्या माणसाला घोडा द्यायचा, तलवार द्यायची,
माणूस मेला की ते परत जायचं.
पुढे लढाया संपल्या, तलवारी गंजल्या,
शब्द मात्र उपाशी उरला
आणि गोठ्यात शिरला.
कूळ मेलं की जहागीरदाराला
त्याचं सगळ्यात उत्तम जनावर.

अर्थ मला सातव्या वर्षापासून माहीत होता,
फक्त शब्द माहीत नव्हता.
बापाला पुरून आलो त्या संध्याकाळी
आईने चेरीच्या अंगाला काजळी फासली, शेण फासलं,
रोगट दिसावी म्हणून.
चेरीला वाटलं, खाजवतेय.
मान लांब करून ती आईला रेलली.
कारभाऱ्याच्या माणसाने बाहीने तिची पाठ पुसली,
तांबडा रंग बघितला, आणि हसला.
आई एवढंच म्हणाली,
“धार काढून घेऊ दे एकदा.”

त्या पानावर लिहिलं होतं:
थर्झा लक्स्टन, विधवा. हेरियट, एक तांबडी गाय, चार पौंड.
ओळीच्या शेवटी वळसा घेऊन मागे येणारी रेघ,
माझ्या पगाराच्या पावतीवर असते तीच.

पेथिक शिडीवरून उतरला. हळू, एकेक पायरी.
“सहाची होती,” म्हणाला.
“मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. चार सांगितले, चार लिहिले.”
मग, “ठेवतेस का हे?”

मी वहीत खूण केली
आणि पान ढोलवाल्याच्या ढिगावर टाकलं.

जूनच्या जत्रेत बँड आला.
आईला घेऊन मी मुद्दाम ढोलापाशी उभी राहिले, अगदी जवळ,
काहीतरी ऐकू येईल म्हणून.
काही आलं नाही.
ढोल होता, ढोलासारखा वाजला.
आईने, जिला यातलं काही ठाऊक नाही,
थोडा वेळ कान देऊन ऐकलं.
“सैल आहे जरा,” म्हणाली,
आणि बनपाव घ्यायला निघाली.